मोटारीच्या अंगात

पळसबोडीच्या नागोराव मालगुजारांच्या मोटारीला धावण्याचा त्रास मुळीच नव्हता. त्रास होता तो उभं राहण्याचा. सावली गावाच्या रस्त्याने ती धूळ उडवीत सुटली म्हणजे समोरची बैलगाडी आपण होऊन धानाच्या बांधीत उतरे. पण एकदा दारात येऊन उभी राहिली, की हिवताप भरल्यासारखी नखशिखांत थरथरू लागे. दिव्यांच्या काचा वाजत, दारं खडखडत, आणि मग दोन-चार आचके देऊन ती मान टाकी. तिला पुन्हा उठवायचं म्हणजे पुढून हँडल मारणारा एक आणि मागून ढकलणारे सहा. त्यामुळे मनसाराम ड्रायव्हर मोटार उभी असली तरी उजवा पाय अॅक्सिलेटरवरून काढीत नसे. मालक उतरून कुणाकडे चहा घेत, पान खात, जुन्या गोष्टी काढत. मनसाराम आपला बसल्या जागी पाय नाचवीत मोटारीला जिवंत ठेवी. दोन महिने हे चाललं होतं.

मोटार वीस वर्षांची होती. मालगुजारी सरकारने काढून घेतली त्याला तीन वर्षं झाली होती, आणि जुन्या थाटातलं म्हणावं असं नागोरावांकडे ही मोटार आणि मिशा एवढंच उरलं होतं. मनसाराम लढाईच्या दिवसांत मिलिटरीच्या लॉरीवर होता. तिथे तो इंजिन शिकला, पण इंजिनाचा अचंबा काही त्याच्या मनातून गेला नाही. चार लोखंडी भांडी, प्रत्येकात मिनिटाला शेकडो वेळा आग लागते आणि विझते, आणि एकही भांडं फुटत नाही! बायकोला, गिरजाला, तो हे दर दिवाळीला नव्याने सांगे. सकाळी हँडल घालण्याआधी तो बॉनेटला हात लावून कपाळाला लावी. असा माणूस बैलाच्या शेपटीला हात लावायला तयार होणं शक्यच नव्हतं, आणि नेमकं तेच त्याच्या कपाळी आलं.

झालं असं, की पोळ्याच्या सुमारास मालकांचे व्याही आले होते. निघायच्या वेळी व्याही मोटारीत बसले आणि मालकीणबाई रुखमाबाई रीतीप्रमाणे त्यांच्या हातावर दही घालायला आल्या. मनसारामचा पाय नेमका घसरला. मोटार अशी काही हादरली, की तळहातावरचं दही व्याह्यांच्या मिशीत, मिशीतून कोटावर आणि उरलेलं डाव्या डोळ्यात गेलं. व्याही भले माणूस. एका डोळ्याने हसून ते म्हणाले, "चालायचंच." पण रुखमाबाईंच्या काळजाला ते लागलं.

आता मंडई दहा दिवसांवर आली होती. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावात पाहुणे, दुकानं, दंडारीचा खेळ, सगळा गोंधळ. रुखमाबाईंनी मनसारामला ओसरीवर बोलावलं.

"मनसाराम, मंडईले व्याही येऊन राह्यले. मूलच्या ठेसनावरून तुलेच आनाचे आहेत."

"आनतो जी बाई."

"आनशीन तू. पन दारात उभी राह्यली का ते लटलट कापन. त्या दिवशी जर ते कापली ना, तं इंजिन काढून विहिरीवर पानी ओढाले लावतो अना मोटारीले बैल जुंपतो. बैल काही कापत नाईत."

"अना मी जी?"

"तू बैल हाकजो."

 रुखमाबाई बोलल्या म्हणजे झालं, हे मालकांनाही ठाऊक होतं. तो घरी आला आणि जेवला नाही. गिरजा म्हणाली, "आवो, बैलाच्या गाडीलेही चार चाकं लावतीन तं काय वाईट?" यावर तो असं काही बघत राहिला, की तिने ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने मोटार बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठी, मातामाय देवीच्या ओट्याशेजारच्या चिंचेखाली नेऊन उभी केली. सावली होती, पाणी जवळ होतं. त्याने प्लग काढून नारळाच्या काथ्याने घासले. पॉइंट गिरजाच्या बांगडीच्या डब्यातल्या कानसपट्टीने साफ केले. कार्बोरेटर उघडून रॉकेलमध्ये धुतला, त्याच्या बारीक भोकात घोड्याच्या शेपटीचा केस घालून काढला. जोडलं, सुरू केलं. मोटार थरथरली. मग त्याने मिलिटरीतली युक्ती केली. हाताने किंचित रेस धरून इंजिन चालू ठेवलं आणि एकेका प्लगची तार काढून पाहिली. जे भांडं आजारी असेल त्याची तार काढली तर इंजिनाला फरक पडत नाही, हा नियम. पण इथे पहिली काढली तरी इंजिन तेवढंच खाली बसे, चौथी काढली तरी तेवढंच. चारही भांडी सारखी दुबळी. चोर एक असता तर पकडता आला असता, इथे सारं गावच चोर निघालं. आणखी नवल म्हणजे रेस दिली की चौघंही ठणठणीत. मनसाराम तीन दिवस तिच्यासमोर उकिडवा बसून होता. त्याला तिचा राग येत नव्हता, हीच पंचाईत होती. तिचं हे न कळणारं दुखणं पाहून त्याला तिच्याबद्दल जास्तच आदर वाटू लागला होता.

चौथ्या दिवशी जंगलाकडच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, बुधरी म्हातारी मातामायपाशी आली. तिचा नांगराचा हेला, म्हणजे रेडा, दोन दिवसांपासून हरवला होता. ती ओट्याकडे वळली आणि जागीच थांबली. वारा नव्हता. चिंचेचं पान हलत नव्हतं. आणि देवीच्या शेजारी ती काळी मोटार एका जागी उभी राहून अंगभर थरथरत होती. मनसाराम इंजिनाच्या पलीकडून वाकलेला असल्यामुळे तिला दिसलाच नाही. अंग थरथरण्याचा अर्थ बुधरीला कुणी शिकवायला नको होता. आयुष्यभर तिने अंगात आलेलं पाहिलं होतं, माणसात पाहिलं होतं, एकदा तर बकऱ्यातही. तिने पदरातले तांदूळ बॉनेटवर टाकले आणि हात जोडले.

"माय, माहा हेला जित्ता हाय का व?"

मनसारामच्या हातात नेमका कार्बोरेटरचा स्क्रू होता. तो त्याने थोडा फिरवला. मोटार गदगदली.

"जित्ता हाय! कुठी गेला माय? उगवतीले?"

मोटार होती तेवढीच थरथरत राहिली.

"मावळतीले?"

मनसारामने स्क्रू उलटा फिरवला. मोटारीने असा आचका दिला, की बॉनेटवरचे तांदूळ बुधरीच्या पायावर पडले. बुधरीने ते डोळ्यांना लावले आणि ती मावळतीकडे चालू लागली. तिकडे बोडीचा चिखल होता. हेला चिखलात मजेत बसलेला सापडला. हरवलेला हेला चिखलाशिवाय दुसरीकडे कुठे जाणार, हा विचार त्या दिवशी पंचक्रोशीत कुणालाच सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनसाराम पान्हा घेऊन चिंचेखाली गेला तेव्हा तिथे चाळीस माणसं बसली होती. त्याच्या पुढच्या दिवशी वैनगंगा ओलांडून चामोर्शीकडची माणसं आली. मोटारीला हळदीकुंकू झालं, दिव्यांना झेंडूच्या माळा झाल्या, पायदानावर नारळांचा ढीग लागला. लोक मनसारामला म्हणत, "सुरू कर गा, माय बोलते." त्याने सुरू केली नाही तर हँडल मारायला दहा जण पुढे येत. मोटार थरथरे आणि लोक गप्प होत. ती शांतता खरी होती. मनसाराम तिच्यात उभा राही तेव्हा त्याच्याही अंगावर काटा येई. आपल्यालाच हिचं दुखणं कळत नाही, मग हे लोक म्हणतात तसंच नसेल कशावरून, असं त्याला दुपारच्या उन्हात वाटून जाई.

नागोराव मालगुजार तर हरखून गेले. मालगुजारी गेल्यापासून त्यांच्या ओसरीवर कुत्रंही बसायला येत नव्हतं. आता येणारा प्रत्येक जण आधी त्यांना रामराम करी, कारण मोटार त्यांची होती. ते धोतराचा सोगा सावरीत चिंचेखाली आले आणि मनसारामला बाजूला घेऊन म्हणाले, "पान्हा ठेव."

"मालक, दुरुस्ती..."

"कायची दुरुस्ती? देवीची दुरुस्ती करतेत का कोनी? खबरदार एका नटाले हात लावशीन तं!"

"पन रुखमाबाई तं म्हनतेत का कापली तं इंजिन..."

"ते मले नोको सांगू," मालक घाईने म्हणाले. "घरचं तू पाय. बाहेरचं मी पायतो."

म्हणजे दुरुस्त केली तर मालक नोकरीवरून काढणार आणि न केली तर मालकीणबाई बैलांवर बसवणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या काठावर मनसाराम उजवा पाय नाचवीत बसलेला. रुखमाबाई रोज सकाळी ओसरीवरून फक्त एवढंच विचारीत, "झाली का थंड?"  गोठ्यात दोन खिल्लारी बैलांच्या शिंगांना रंग लागला होता.

मंडईला तीन दिवस उरले असताना दंडारीच्या तालमीसाठी उमाजी पेटीमास्तर गावात आले. पेटी वाजवावी ती त्यांनीच आणि मोडलेली जोडावी तीही त्यांनीच. इकडच्या वीस गावांच्या दंडारींत दुसरा माणूस नव्हता. मास्तर गर्दी पाहून चिंचेखाली आले. सगळे हात जोडून उभे होते. मास्तर मात्र डोळे मिटून, मान तिरपी करून उभे राहिले. पेटीतला एखादा सूर फुटका लागला की ते असेच उभे राहत. गर्दी पांगल्यावर ते मनसारामजवळ आले.

"मनसारामभाऊ, हे रेस केली तं चांगली चालते का?"

"चालते जी. एकदम गुळगुळीत."

"अना हळू केली का कापते?"

"तेच तं."

मास्तर ओट्यावर बसले. "पेटीचा भाता फाटला असला ना, तं जोरात हवा मारली का पेटी वाजते. भोक आहे हे समजतच नाई. पन हळूच, बारीक सूर लावाले गेलं का थरथर थरथर. तुह्या मोटारीले बिमारी नाई गा. ते कुठून तरी चोरून हवा पिऊन राह्यली."

 मनसारामने पेट्रोल पाहिलं होतं, ठिणगी पाहिली होती. हवेचा हिशेब त्याला मिलिटरीत कुणी विचारलाच नव्हता. इंजिन श्वास घेतं, भात्यासारखा, हे त्याला आज कळत होतं, आणि तेही एका पेटीवाल्याकडून. त्याने नकळत मास्तरांच्या पायाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी मालक बैलगाडीने सावलीच्या बाजाराला गेले. गिरजाने बोडीच्या वाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "आज मोटारीचा उपास हाये. उद्या या." लोक मान डोलावून परत गेले. उपासाच्या दिवशी देवाला त्रास देऊ नये हे सगळ्यांनाच पटलं. चिंचेखाली मनसाराम आणि मास्तर दोघंच उरले.

"भोक शोधाचं कसं?" मनसारामने विचारलं.

"मी पेटीत धूर सोडतो. जिथी भोक, तिथी धूर हालते."

मास्तरांनी खिशातून बिडी काढली. मनसाराम किंचाळला, "मास्तर! पेट्रोल!" मास्तर बिडी घेऊन पन्नास पावलं लांब, पळसाच्या झाडाआड गेले. तिथे त्यांनी लांब झुरका ओढला, बिडी पायाखाली विझवली आणि गाल फुगवून, तोंड घट्ट मिटून, तोंडातला धूर सांभाळीत परत आले. मनसारामने गिरजाची चुलीची फुंकणी आणलीच होती. मनसारामने मोटार सुरू केली, आणि मास्तरांनी फुंकणी तोंडाला लावून इंजिनाच्या एका सांध्यावर धूर सोडला. धूर इकडे तिकडे भटकला आणि वर गेला. मास्तर पुन्हा पळसाआड गेले. असे त्यांनी सात हेलपाटे घातले. पाचव्या हेलपाट्यात वाटेत शिंक आली आणि धूर वाया गेला.

आठव्या वेळी त्यांनी फुंकणी कार्बोरेटरच्या बुडाशी धरली, जिथे तो इंजिनाच्या नळीला बसवलेला असतो तिथे. धूर बाहेर पडला, क्षणभर थांबला, आणि मग सुतासारखा सरळ होऊन त्या सांध्यात शिरून नाहीसा झाला. मास्तर फुंकत राहिले आणि मोटार तो धूर पीत राहिली. बाहेर एक रेघसुद्धा आली नाही.  लोखंडाला मनसारामने चालताना पाहिलं होतं, तापताना पाहिलं होतं, पण असा शांतपणे श्वास घेताना तो आज प्रथमच पाहत होता. मास्तरांनी फुंकणी खाली ठेवली आणि ते हळूच म्हणाले, "पाय गा, कशी पेते."

मनसारामने ओलं फडकं त्या सांध्यावर दाबून धरलं. मोटार बंद पडली.

"मेली!" तो म्हणाला.

"मेली नाई," मास्तर म्हणाले. "कान लाव."

मोटार चालू होती. दिव्यांच्या काचा वाजत नव्हत्या, दारं खडखडत नव्हती, म्हणून ती बंद वाटत होती. मनसारामने फडकं काढलं की ती थरथरे, दाबलं की गप्प होई. त्याने पाच-सहा वेळा काढलं आणि दाबलं. त्याला रडूच आलं.

सांध्यातलं पॅकिंग उन्हाने आणि वयाने वाळून चिरलं होतं. बोटाच्या पेराएवढी चीर. मनसारामने जाड पुठ्ठ्याचं नवीन पॅकिंग कातरीने कापलं. मास्तरांनी आपल्या ट्रंकेतून पेटीला लावायचं लाखेचं पॉलिश काढलं. इकडच्याच पळसांवरची लाख, स्पिरिटात विरघळवलेली. दोन्ही बाजूंनी ती चोपडून, नट आवळून त्यांनी दुपारभर उन्हात वाळू दिली. मग मनसारामने हँडल मारलं. एका फेऱ्यात मोटार सुरू झाली. मास्तरांनी पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी गडवा बॉनेटवर ठेवला. पाण्यावर साधी सुरकुती आली नाही. मनसाराम गाडीत बसला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याने उजवा पाय अॅक्सिलेटरवरून उचलला. आता त्या पायाचं करायचं काय हे न कळून त्याने तो मांडीवर घेऊन ठेवला.

"अना देवीचं काय?" थोड्या वेळाने तो म्हणाला. "परवा सारा मुलूख येईन. माय बोलाची हाये म्हनून."

मास्तरांनी ट्रंक बंद केली. "मी पेटीवाला हावो गा," ते म्हणाले. "देवीचं देवीले मालूम." गिरजाने मोटारीचा उपास आणखी एक दिवस वाढवला, आणि मंडईआधी देव उपास धरतो हे मालकांनीही लोकांना समजावून सांगितलं.

मंडईच्या दिवशी मूलच्या स्टेशनवर व्याही आगगाडीतून उतरले. मोटारीत बसायच्या आधी त्यांनी कोटाची सगळी बटणं लावून घेतली आणि चष्मा काढून खिशात ठेवला. बसल्यावर त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली.

"काय मनसाराम, सुरू कर ना."

"सुरूच हाये जी."

व्याह्यांनी समोरच्या पाठीवर तळहात टेकवला. मग खाली वाकून तळाच्या फळीला लावला.  सावली गाव मागे पडल्यावर ते म्हणाले, "अरे, ही तर झोपलेल्या मुलासारखी चालते!" मनसारामला वाटलं, आता जन्मात काही मागायचं उरलं नाही.

ते पळसबोडीच्या शिवेवर पोचेपर्यंतच. शिवेवर सहाशे माणूस उभं होतं. दंडारीचे ढोल, टाळ, सगळ्यांत पुढे मोठा हार घेऊन बुधरी, तिच्या मागे ठेवणीतला फेटा बांधलेले नागोराव, आणि बाजूला कडक चेहऱ्याच्या रुखमाबाई. मनसारामने मोटार थांबवली. ढोल थांबले. सहाशे माणसांनी श्वास रोखून मोटारीकडे पाहिलं.

मोटार उभी होती. नुसती उभी.

बुधरीने हात जोडले. "माय, औंदा पानी कसा राहीन?"

मोटार गप्प.

"माय, बोल ना व."

रुखमाबाईंच्या चेहऱ्यावर समाधान उमटत होतं, पण नागोरावांच्या मिशा खाली आल्या. गर्दीत कुजबूज सुरू झाली. "माय निंगून गेली." "काऊन गेली?" "कोनं घालवली?" शेवटचा प्रश्न मागून पुढे येता येता मोठा होत गेला. नागोराव खिडकीपाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "मनसाराम, काय केलंस गा तू?"

आता खरं सांगून टाकावं, मार खायचा तर खावा, असं ठरवून मनसाराम खाली उतरला. जमिनीवर उभा राहिला मात्र, त्याचा उजवा पाय थरथरायला लागला. दोन महिने त्या पायाने दुसरं काही केलंच नव्हतं. त्याने मांडीवर हात दाबला, तर हात थरथरू लागला. समोर सहाशे माणसं पाहून तो थरथराट कंबरेपर्यंत चढला, खांद्यात गेला, आणि शेवटी दात वाजायला लागले. त्याला म्हणायचं होतं, "बाप्पाहो, पॅकिंग फाटली होती." तोंडातून फक्त "पॅ, पॅ, पॅ" एवढंच आलं.

बुधरीने हार वर उचलला. "आली! माय मोटार सोडून ड्रायव्हरमंदी आली!"

ढोल एकदम कडाडले. लोक मनसारामच्या पायावर पडले, त्या थरथरणाऱ्या उजव्या पायावर तर जास्तच. कुणी हळद लावली, कुणी लिंबू फिरवलं. मोटारीतून व्याही उतरले. त्यांनी बूट काढले, आणि झोपलेल्या मुलासारखी मोटार चालवणाऱ्या त्या माणसापुढे मनापासून हात जोडले. व्याह्यांनी हात जोडल्यावर रुखमाबाईंना इलाज उरला नाही. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि पुढे होऊन विचारलं, "माय, तुले काय पायजे?"

मनसारामला तो प्रश्न फार लांबून ऐकू आला. काय पाहिजे हे त्याला दहा दिवस, दहा रात्री ठाऊक होतं. दात कसेबसे आवरून तो म्हणाला, "इंजिन... काढू नोका जी."

आवाज त्याचाच होता, पण इतका मोठा कसा निघाला ते त्यालाही कळलं नाही.  रुखमाबाईंनी वाकून नमस्कार केला. "नाई काढनार," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "माह्या जिवात जीव असेपर्यंत नाई काढनार."

झालं. मनसारामचा जीव भांड्यात पडला. आपलं काम झालं, आता गाडी दारापर्यंत नेऊन सोडावी, म्हणून तो आपल्या जागेकडे वळला. बुधरी मध्ये आडवी झाली.

"कुठी चालली माय? देव का गाडी हाकते?"

चार जणांनी त्याला उचलून मागच्या गादीवर, मधोमध, मालकांच्या जागेवर बसवलं. व्याही अदबीने पुढे ड्रायव्हरच्या जागेशेजारी बसले. ड्रायव्हरची जागा रिकामी राहिली. गावात मोटार चालवणारा दुसरा माणूस नव्हता. सगळ्यांनी नागोरावांकडे पाहिलं. वीस वर्षं मोटार त्यांची होती आणि त्या जागेवर ते एकदाही बसले नव्हते. फेटा छपराला लागू नये म्हणून काढून त्यांनी मांडीवर घेतला आणि स्टेरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मग मान न वळवता ते कुजबुजले, "मनसाराम, पाय कुठी ठेवू गा?"

"डाव्या पायानं क्लच दाबा मालक."

"माय बोलली!" लोक ओरडले. नागोराव घाबरून तसेच बसले. तेव्हा रुखमाबाई खिडकीशी येऊन करड्या आवाजात म्हणाल्या, "दाबा ना जी! माय सांगून राह्यली ना?"

नागोरावांनी क्लच दाबला. "आता गेर टाका. हळू. आता क्लच सोडा. हळू जी, हळू!" मोटारीने एक हिसका दिला, व्याह्यांचा चष्मा खिशातून बाहेर उडाला, आणि मग ती माणसाच्या चालीने पुढे निघाली. पुढे ढोल, मागे सहाशे माणूस. "डावीकडे घ्या," मनसाराम म्हणाला आणि मोटारीबरोबर सगळी मिरवणूकही डावीकडे वळली. सुरात सूर मिळवल्यासारखं इंजिन खालून संथ चाललं होतं. ते ऐकू येत होतं फक्त मनसारामला, आणि बाजूने चालणाऱ्या उमाजी मास्तरांना. मास्तर डोळे मिटून, मान तिरपी करून चालत होते.

पुढे चढ आला. मनसारामने झेंडूच्या माळांतून मान वर काढली आणि आवाज जरा चढवून म्हणाला, "आता दुसरा गेर टाका, मालक."

"हो जी," नागोराव मालगुजार म्हणाले आणि त्यांनी दुसरा गेर टाकला.